जुन्या व्हॅनच्या दुरुस्तीचा सल्ला: आधी कान, मग तोंड, शेवटी पाना

हा लेख सल्ला देणाऱ्यांसाठी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुनी ऑम्नी किंवा मॅटॅडोर बाळगणारे आम्ही जे काही लोक एकमेकांना ओळखतो, त्यांच्यात गाडी बंद पडली की फोन जातो, आणि फोन उचलणारा समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत निदान करून मोकळा होतो.

मीही केलंय. आंबोली घाट चढताना एका ओळखीच्याची ऑम्नी तापली. फोनवर मी लगेच म्हणालो, "हेड गॅस्केट गेलं." महिनाभरापूर्वी माझ्या गाडीचं तेच झालं होतं, म्हणून. त्याने बिचाऱ्याने सावंतवाडीत हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. त्याखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, ठणठणीत. दोष निघाला रेडिएटर फॅनच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे वीज बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत. बोल्टखालचं टर्मिनल हिरव्या पुडीने भरलेलं होतं. बोटाने हलवलं तर वायर सुटून हातात आली. पॉलिश पेपर आणि नवीन टर्मिनल, एवढ्यात भागणारं काम. हेडची मजुरी, गॅस्केट किट आणि चार दिवस गाडी दारात नाही, हे सगळं माझ्या तीन शब्दांचं बिल. तो मला एका अक्षराने बोलला नाही. पण पुढे वर्षभर गाडीसाठी त्याचा फोन आला नाही.

त्यानंतर मी स्वतःसाठी जो क्रम लावून घेतला, तो असा.

## पूर्वतयारी: तोंड उघडण्याआधी काय माहीत हवं

"ऑम्नी आहे" एवढ्यावर काही सांगता येत नाही. ही गाडी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. इंजिन तेच ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पुढच्या सीटखाली. पण जुन्या गाडीला कार्ब्युरेटर आणि सीबी पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क), तर नंतरच्या गाडीला इंजेक्शन आणि सेन्सर. इंजेक्शनवाल्याला "पॉइंट घासून बघ" सांगणारे मी पाहिलेत. मॅटॅडोरचं तर विचारूच नका. बजाज टेम्पोने १९६९ मध्ये ती बनवायला घेतली, पुढे तिच्यात मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं डिझेल इंजिन आलं, आणि त्यानंतर मालकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे काय काय बसवलं ते मालकच जाणे. आरसी बुकात एक आणि बॉनेटखाली दुसरंच, असं सर्रास सापडतं.

म्हणून आधी एवढं विचारून कागदावर लिहून घ्या:

१. मॉडेल, साल, इंजिन मूळचं की बदललेलं.
२. पेट्रोल, डिझेल की गॅस किट.
३. गाडी आत्ता कुठे उभी आहे: घाटात, जेटीवर की घरच्या अंगणात.
४. आधी कोणी काय उघडलं, आणि दोष त्याच्या आधीपासूनचा की नंतरचा.
५. हाताशी कोणते पाने आहेत, मेस्त्री किती लांब आहे.
६. गाडी काय काम करते.

सहावा प्रश्न लोक गाळतात, आणि तिथेच सल्ला वाया जातो. हर्णै किंवा मालवणला मासळीचे क्रेट वाहणाऱ्या मॅटॅडोरला "आठ दिवस गाडी सोड, तळाचा पत्रा बदलून घे" हे ऐन हंगामात सांगून काय उपयोग? बर्फाचं खारं पाणी मॅटखाली मुरून पत्रा आतून खाल्ला जातो, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याची गाडी मोकळी असते ती १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीच्या काळात. आता गंमत बघा: नेमकं तेव्हाच पाऊस धोधो, हवेत ओल, रंग धरत नाही. त्यामुळे अशा माणसाला मी सांगतो की इंजिन, क्लच, ब्रेकची कामं बंदीत काढ, आणि पत्र्याला मे महिन्यातले तीन दिवस आधीपासून बाजूला ठेव. असा सल्ला तो ऐकतो, कारण त्यात त्याचा धंदा बसतो.

तपासा: समोरच्याने सांगितलेला दोष त्याच्याच शब्दांत एका ओळीत लिहिता येतोय का? "घाटात तिसऱ्यावर ओढत नाही, सपाटीला ठीक" असं लिहिता आलं तर पुढे जा. कागदावर "पिकअप नाही" एवढंच असेल, तर तुम्ही अजून पुरतं ऐकलेलं नाही.

## टप्पा १: सल्ला मागितलाय का, ते बघा

बॉनेट उघडून उभा असलेला माणूस सल्ला मागत असतोच असं नाही. कधी तो नुसता इंजिन थंड व्हायची वाट बघत असतो. "काही बघू का?" एवढं विचारा. आपल्याकडे कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. "बघूया", "सांगतो मग", "चाय घेतलात?" ही सगळी नकाराची रूपं आहेत. चहा घ्या आणि विषय सोडा.

आणखी एक. गाडी बाईची असेल तर बाईशी बोला. गुहागरकडच्या आमच्या एक ताई स्वतःची ऑम्नी स्वतः चालवतात, प्लग स्वतः बदलतात. तरी लोक त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या भाच्याला समजावत बसतात. तो कॉलेजचा पोरगा, त्याला क्लच आणि ब्रेकही सारखेच! ताई शांतपणे ऐकून घेतात आणि मग विचारतात, "झालं सांगून? आता मला सांगा."

## टप्पा २: जिवाचा प्रश्न असेल तर तो सगळ्यात आधी

इथे आडपडदा नको, विचारलं नसलं तरी बोला. पण या चारच गोष्टींत.

ब्रेक. घाट उतरताना पॅडल खाली गेलं आणि गाडी थांबवून अर्ध्या तासाने परत वर आलं, असं कोणी सहज बोलता बोलता सांगितलं तर त्याला तिथेच थांबवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ओल धरलेलं ऑइल लवकर उकळतं, वाफ दाबली जाते आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. थंड झाल्यावर पॅडल वर आलं म्हणजे दोष गेला, असं नाही. "ऑइल बदलून, एअर काढून, लायनर बघितल्याशिवाय घाट उतरू नका" हे स्पष्ट सांगा.

वास. गॅस किटच्या गाडीत वास आला तर स्विच, चावी कशालाही हात नको. एलपीजी हवेपेक्षा जड, ती सीटखाली आणि तळाशी साचते. सगळे दरवाजे उघडायचे, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, माणसं लांब न्यायची. बाकीची चर्चा नंतर.

जॅक. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा नको, हे सगळे सांगतात. आपल्याकडची खास चूक वेगळी आहे: अंगणात पडलेला जांभ्याचा चिरा चॅसीखाली लावणे. चिरा दिसायला भक्कम, पण एका टोकावर भार आला की फुटतो, आणि फुटताना आधी सांगत नाही. जॅक स्टँड नसेल तर सागाचा किंवा आइनाचा आडवा, रुंद ठोकळा, आणि शिवाय चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना ओट. असं काम चालू दिसलं तर ओळख नसली तरी हाक मारा.

पुराचं पाणी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा कित्येक गाड्या छतापर्यंत पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर सगळ्यात वाईट सल्ला जो दिला जातो तो असतो, "चावी मारून तर बघ." सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि धुऊन-पुसून वाचू शकलं असतं ते इंजिन भंगारात जातं. क्रम असा: बॅटरीचे टर्मिनल काढा, ऑइलची काडी बघा, दुधाळ असेल तर ऑइल सोडून द्या, एअर फिल्टर काढून आत पाणी आहे का बघा, पेट्रोलला प्लग आणि डिझेलला नोझल (डिझेल फवारणारा पार्ट) किंवा हीटर प्लग काढा, मग पान्याने क्रँक हाताने फिरवा. पाणी बाहेर येऊन इंजिन मोकळं फिरलं, तरच नवीन ऑइल आणि पुढचं काम.

इशारा: तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायला किंवा लालबुंद इंजिनवर थंड पाणी ओतायला कोणालाही सांगू नका. पहिल्याने माणूस भाजतो, दुसऱ्याने हेडला तडा जातो.

## टप्पा ३: प्रश्न विचारा, पण उलटतपासणी नको

"पाणी बघितलं नव्हतंत का?" आणि "पाणी शेवटचं कधी भरलं होतं?" या दोन्हींतून माहिती तीच मिळते. पहिल्या प्रश्नाला माणूस खोटं बोलतो, कारण त्याला स्वतःला वाचवायचं असतं. आणि त्या खोट्या उत्तरावर तुम्ही पुढचं निदान रचता.

प्रश्नांचा क्रमही दोषाप्रमाणे लावावा लागतो. गाडी तापते म्हटल्यावर मी आता असं विचारतो:

"उभी असताना तापते की चढाला?"
"उभी असताना. फेरीबोटीच्या रांगेत काटा वर गेला."
"चालायला लागल्यावर खाली येतो?"
"येतो, दहा मिनिटांत."
"रांगेत असताना फॅनचा आवाज येत होता?"
"आवाज... नाही आठवत हो, काका."

एवढ्या तीन प्रश्नांत हेड गॅस्केटचा संशय मागे पडला. चालताना वारा लागून गाडी थंड होतेय, म्हणजे पाणी फिरतंय. उभी असताना हवा कमी पडतेय, म्हणजे फॅन. आता बॅटरीवरून सरळ वायर देऊन फॅन फिरतो का बघायचं. फिरला तर मोटर चांगली. मग थर्मो स्विच (पाणी तापलं की फॅन चालू करणारा), फ्यूज, अर्थिंग. उलट फक्त चढालाच तापत असेल, तर रेडिएटर चोंदलेला आहे का, इग्निशनचं टायमिंग हललंय का, ब्रेक धरून राहतोय का, ही वाट धरायची. पाणी रोज कमी होतंय, बाहेर कुठे गळत नाही आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत, असं असेल तर मग हेडकडे वळा. आंबोलीच्या फोनवर मी यातलं एकही विचारलं नव्हतं.

मॅटॅडोर सकाळी स्टार्ट होत नाही म्हटल्यावरही तसंच. रात्री उतारावर उभी होती का? हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा दट्ट्या) किती वेळा मारल्यावर कडक होतो? हीटर लावल्यावर दिवा पेटतो? प्रायमर मारत राहिलं तरी कडक होत नसेल तर कुठूनतरी एअर घेतेय. पाइपाचे जोड आणि वॉशर आधी बघा. पंप खोलायची भाषा त्याच्यानंतर.

फोनवर आवाज ऐकून नाद ओळखायचा मोह सोडा. फोन खालच्या पट्टीचा आवाज खातो, टॅपेटचा आणि बेअरिंगचा नाद सारखाच वाटतो. व्हिडिओ मागवलात तर बॉनेट उघडून, गाडी थंड असताना स्टार्ट केल्यापासूनचा मागवा.

## टप्पा ४: प्रत्येक वाक्यावर शिक्का मारा

मी चार शब्द वापरतो: केलंय, पाहिलंय, ऐकलंय, अंदाज.

"माझ्या गाडीत हे मी स्वतः केलंय." "कणकवलीच्या एका गाडीत पाहिलंय." "मेस्त्र्यांकडून ऐकलंय, मी केलेलं नाही." "हा निव्वळ अंदाज आहे." ऐकणारा त्याप्रमाणे खिशात हात घालतो. वयाने मोठा माणूस अंदाजाने बोलला तरी लहानाला तो हुकूम वाटतो, म्हणून पांढऱ्या केसांच्या लोकांनी हा शिक्का जास्त काटेकोरपणे मारावा. मीही त्यातलाच.

## टप्पा ५: आधी पुसा, मग मोजा, मग बदला, शेवटी उघडा

सल्ला नेहमी स्वस्त आणि मागे फिरवता येण्यासारख्या गोष्टीपासून सुरू करा. बघणं, हात लावणं, पुसणं, घट्ट करणं, मोजणं, ॲडजस्ट करणं, सुटा पार्ट बदलणं, आणि सगळ्यात शेवटी हेड किंवा गिअरबॉक्स उतरवणं.

किनाऱ्यावर मी या यादीच्याही आधी अर्थिंग घालतो. खाऱ्या हवेत विजेचा निम्मा त्रास तिथेच असतो. स्टार्टर ओढत नाही, हेडलाइट मंद, काटा वेडावाकडा, फॅन कधी फिरतो कधी नाही: बॅटरी बदलायच्या आधी बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला गेलेल्या पट्ट्या सोडवा, चकाकेपर्यंत घासा, आवळा, वर ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. रंगावर टर्मिनल आवळू नका. खाली उघडा पत्रा लागतो.

पत्र्याच्या बाबतीत "लांबी (पुट्टी) भरून रंग मारून टाक" हा सल्ला देऊ नका. गंजावर लांबी म्हणजे गळतं छप्पर चादरीने झाकण्यासारखं. तळ आणि चॅसीचे जोड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. बद्द आवाज आला की आत भुसा झालेला असतो.

खूप जुनी गाडी असेल तर आणखी जपून. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिच्या चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा लागतो. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या मॅटॅडोरवाल्याला "कशाला जुनं इंजिन घेऊन बसलास, दुसरं टाक" असं म्हणणं त्याला केवढ्याला पडेल बघा. आणि इंजिन बदलायचंच ठरलं तरी आरटीओत नोंद लागते, हेही त्याच दमात सांगा.

तपासा: तुमचा सल्ला चुकला तर गाडी उद्या सकाळी आजच्या स्थितीत परत येईल का? येणार नसेल तर तो सल्ला फोनवर देऊ नका, जाऊन बघा.

## टप्पा ६: सांगताना माप, पाना आणि क्रम

"जरा सैल कर" याला अर्थ नाही. किती, कशाने, गरम इंजिनवर की थंड, हे तिन्ही सांगा. आमच्यात एकाला जुन्या एअर-कूल्ड फोक्सवॅगनचा नाद आहे. तिच्या १६०० सीसी इंजिनाचं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, ०.१५ मिलिमीटरला, इंजिन पूर्ण थंड असताना, लावतात. त्याला कोणीतरी दुसऱ्या गाडीच्या सवयीने "गरम असताना फिलर (फट मोजायची पट्टी) घाल" सांगितलं होतं. बरं, त्याने पुस्तक उघडून बघितलं. माप आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा आणि पुस्तकाचं पान काढायला सांगा.

ब्रेकच्या पार्टना पेट्रोल-डिझेलने धुवायला सांगू नका. आतले रबर फुगतात आणि पंधरा दिवसांत ब्रेक धरून बसतात. ब्रेक ऑइल किंवा साबणाचं पाणी, आणि मग कोरडं करणं, एवढं पुरतं.

काही सोडवायला सांगण्याआधी "फोटो काढ" हे आपलं पहिलं वाक्य असावं. व्हॅक्यूमच्या पाइपांचा गुंता एकदा सुटला की देवही जागेवर लावत नाही.

## टप्पा ७: मेस्त्रीचा मान

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. तुम्ही लांबून मालकाला सांगता, मालक मेस्त्रीसमोर तुमचं नाव घेऊन तेच बोलतो, आणि मेस्त्री पाना खाली ठेवतो. एकदा एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी मला ऐकवलं होतं, "उघडूक सगळ्यांका येता, लावतलो कोण?" मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून मालकाला सांगा, "मेस्त्रींना विचारून बघा, अर्थिंग बघितलंय का." हुकूम म्हणून नको, प्रश्न म्हणून पाठवा. शक्य असेल तर सरळ मेस्त्रींशीच बोला. त्यांनी काय काय बघितलंय ते आधी ऐका. दहातले सहा वेळा तुमचा सल्ला त्यांनी आधीच करून बघितलेला असतो. मजुरीवर बोलू नका. "तुला लुटला" हे वाक्य तर कधीच नको, कारण तुम्हाला काम दिसलेलं नसतं, फक्त आकडा दिसलेला असतो. आणि गावात मॅटॅडोरचा पंप कळणारा तोच एक उरलेला असतो. त्याच्याशी मालकाचं वाकडं आलं तर पुढच्या वेळी तुम्ही जाणार आहात का पंप बांधायला?

काम खरंच चुकलंय असं वाटलं तर मालकाला बाजूला घेऊन, गॅरेजच्या बाहेर, नेमकी कुठली गोष्ट आणि का, एवढंच सांगा.

## टप्पा ८: दोन सल्ले आपटले तर

दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या की मालक मधल्यामध्ये अडकतो. तेव्हा वाद न घालता दोन्ही शक्यता वेगळ्या करणारी एक चाचणी ठरवा. दुसरा म्हणतो नोझल, तुम्ही म्हणता पाइपात एअर? इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा पाइप नट किंचित सैल करून बघा, कुठल्या सिलिंडरला फरक पडत नाही. डोळ्यांना चष्मा हवा आणि हात लांब. डिझेलची ती धार कातडीत घुसते. हे जमत नसेल तर दोन्ही सल्ले मेस्त्रींच्या हवाली करा आणि गप्प बसा.

## टप्पा ९: नंतरचा फोन

सल्ला दिल्यावर तीन-चार दिवसांनी स्वतः फोन करा, संध्याकाळी, गाडी कामावरून आल्यावर. "माझं ऐकून काय झालं?" असं विचारू नका; "गाडी कशी आहे?" एवढं पुरे. दोष दुसराच निघाला असेल तर तो नेमका काय होता ते विचारा आणि लिहून ठेवा. तुमच्यामुळे खर्च झाला असेल तर तसं कबूल करा. पैसे देऊ करायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी गॅस्केट किटचे देऊ केले होते, त्याने घेतले नाहीत. मग पुढच्या पावसाळ्याआधी त्याच्या अंगणात बसून ऑम्नीचे सगळे अर्थिंग पॉइंट घासून दिले. सकाळपासून दुपारपर्यंत लागलं. सात पॉइंट निघाले, त्यातले तीन हिरवे.

मालकाला एक पुठ्ठा गाडीत ठेवायला सांगा: तारीख, किलोमीटर, काय केलं, कोणी केलं. डायरी हरवते; सन व्हायझरला रबराने अडकवलेला पुठ्ठा राहतो. त्याच्या पुठ्ठ्यावर आंबोलीच्या तारखेपुढे बॉलपेनने लिहिलंय: "हेड उतरवलं. गरज नव्हती." माझं नाव त्याने लिहिलेलं नाही.